फ्रेंचवाल्या मॅडमची आई

कुंदा वैरागडेला कुणी घडलेली गोष्ट सांगू लागलं की तिचा चेहरा दात काढून घ्यायला बसलेल्या माणसासारखा व्हायचा.

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एकदा साप निघाला. उत्तरपत्रिकांच्या कपाटामागून आला आणि सरळ भूगोलाच्या सरांच्या खुर्चीखाली जाऊन बसला. सर टेबलावर, आम्ही बाया व्हरांड्यात. शेवटी शिपाई बाबारावनं त्याला काठीनं पोत्यात ढकललं, पोतं सायकलला बांधलं आणि दूर शेताकडे नेऊन सोडलं. कुंदा तेव्हा तासावर होती. मधल्या सुट्टीत ती आली तसा बाबाराव दोन्ही हात पसरून सुरू झाला, "मॅडम, तुमी पाहाले पायजे होतं. एवढा मोठ्ठा! मी म्हनलं, आता काही खरं नाई..."

"बाबाराव," कुंदा म्हणाली, "एकदाचं नको, रोजचं सांगा. तो रोज यायचा का?"

"नाई जी."

"मग तो यायचा नाही तेव्हा तुम्ही रोज या वेळी काय करायचे?"

बाबारावनं सोडलेला साप तिथंच मेला. तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "या टायमाले? चहाचे कप विसळाचो, अन् खिडकीतून त्या कडुलिंबाकडं पाहाचो." यावर कुंदा अशी खूश झाली, जणू त्यानं दुसरा साप काढून दाखवला. "वा! हे सांगा ना!" म्हणाली आणि डबा उघडून बसली.

ती आमच्याकडे फ्रेंच शिकवायची. वर्ध्यात फ्रेंच. नव्वदच्या दशकाचा शेवट, गावात धड इंग्रजी बोलणारा माणूस सापडायचा नाही, आणि ही बाई सुती साडी नेसून, तेल लावलेली वेणी पाठीवर टाकून, पोरांना 'बाँजूर' म्हणायला लावायची. फ्रान्स तिनं पाहिला नव्हता. नागपूरला होस्टेलात राहून शिकत असताना एका म्हाताऱ्या सिस्टरकडे संध्याकाळच्या वर्गाला जायची, तिथं ही भाषा उचलली. मी संस्कृतची. आमचे दोघींचे वर्ग शेजारी, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. त्यामुळे फ्रेंच मला येत नाही, पण त्यातला एक भूतकाळ मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन.

फ्रेंचांचे रोजच्या बोलण्यातले भूतकाळ दोन. एक, घडलं आणि संपलं त्याचा: साप आला, साप गेला. दुसरा, जे चालू असायचं, पुन्हा पुन्हा व्हायचं त्याचा: ऊन असायचं, आजोबा ओट्यावर बसायचे, मी लहान होते. या दुसऱ्याला ते 'अँपार्फे' म्हणतात. आपण 'करायचो, जायचो' म्हणून सहज मोकळे होतो, त्यावर तास घेण्यासारखं काय आहे ते मला कधी कळलं नाही. पण पार्टिशनपलीकडून रोज गर्जना यायची, "आधी 'आम्ही' पकडा! 'आम्ही बोलतो' म्हणजे नू पार्लों. आता 'ओं' हे शेपूट कापा. काय उरलं? पार्ल! त्याला जुनं शेपूट लावा. ज पार्ले, मी बोलायचे. तू पार्ले, तू बोलायचास. इल पार्ले, तो बोलायचा!" मी, तू, तो आणि ते, चौघांची शेपटं लिहायला तीन तऱ्हांची आणि ऐकायला एकच 'ए'. एकटं 'असणे' तेवढं रीत मोडतं, त्याचं बूडच वेगळं. बाकी सगळी क्रियापदं मेंढरासारखी एका वाटेनं जातात. आमच्या संस्कृतच्या लङ् लकारात, म्हणजे भूतकाळात, एकेका धातूची नऊ रूपं, नऊच्या नऊ कानाला वेगळी. चौघांना एका आवाजात भागवणं, याला मी तरी काटकसर म्हणणार नाही, कामचुकारपणा म्हणेन.

अभ्यासक्रमात हा काळ एका धड्यापुरता होता. कुंदा पोळा झाला की तो सुरू करायची आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिथंच मुक्काम. घडून गेलेल्याचा जो काळ, तो चार दिवसांत उरकायची, जेवण झाल्यावर बडीशेप द्यावी तसा.

आणि एवढं असूनही मार्क मिळायचे तिच्याच पोरांना. हे मी मोकळेपणी लिहिते, कारण यातलं दुखणं अजून गेलेलं नाही. ती येण्याआधी बारावीला मार्क काढायचे तर संस्कृत, हे गावात पक्कं होतं. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेली पोरं जूनमध्ये माझ्या दारात उभी असायची. ती आली आणि तिसऱ्या वर्षी माझ्या वर्गात मागचे बाक रिकामे दिसायला लागले. कापसाचे व्यापारी, ज्यांनी जन्मात वर्ध्याबाहेर नागपूरशिवाय काही पाहिलं नाही, तेही म्हणायला लागले, "पोट्ट्याले फ्रेंच द्या, लय स्कोरिंग हाय म्हणते." माझ्या वर्गातला पंखा बिघडला तर महिनाभर अर्ज. तिच्या वर्गातला कुरकुरला तरी बाबाराव स्टूल घेऊन हजर.

बरं, शिकवण्याची तऱ्हा तरी सरळ असावी! ती वर्गात रिकामा डबा घेऊन जायची. आमच्याकडे भुलाबाईच्या दिवसांत पोरी घरोघरी गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायला लावतात. गोड का तिखट, गोल का लांबट, असं विचारत विचारत. कुंदानं तोच खेळ उलटा केला. आधी स्वतः खाऊन टाकायची, मग रिकामा डबा पोरांसमोर धरायची. पोरं फ्रेंचमध्ये विचारणार, गोड होतं का? खारं होतं का? ती नाही-हो करणार. जो ओळखेल त्याला दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ. पार्टिशनपलीकडून 'सेते सुक्रे? सेते साले?' असा कालवा यायचा, आणि अलीकडे माझी पोरं पाठ्यपुस्तकातून मान वर काढून नाकपुड्या फुलवून बसायची. सांबारवडीच्या, म्हणजे कोथिंबीरवडीच्या, वासापुढे कालिदासही टिकणार नाही, मी तर साधी शिक्षिका.

हे सगळं मी गिळलं असतं. पण माझी मुलगी रेवती अकरावीला आली आणि तिनं फ्रेंच घेतलं.

घरी आई संस्कृत शिकवते, आणि पोरगी पार्टिशनच्या पलीकडे! स्टाफरूममध्ये मी हसून म्हणाले, "आवड तिची." घरी आल्यावर मात्र विचारलं, "काऊन वं? माझ्या वर्गात काय काटे होते?"

"आई, चोवीस तास तूच? घरी तू, कॉलेजात तू?"

"मी काय वाईट हाय?"

"वाईट नाई. पण तू बसू देत नाई. नुसती बोलून राह्यते, हे उचल, ते पूस, हे पाठ कर."

यात खोटं काही नव्हतं. मी तशीच आहे. पण त्या दिवसापासून आमच्या घरात तिसरी बाई राहायला आली. मॅडम म्हणतात, मॅडम हसल्या, मॅडमनं विचारलं. पोरगी संध्याकाळी उशिरा यायची, का तर मॅडमसोबत गप्पा. माझ्याशी गप्पा म्हणजे "कणीक संपली" आणि "गॅसवाला आलता." मला विद्यार्थी गेल्याचं एवढं नव्हतं. सतरा वर्षं जिला वाढवलं, ती आपल्याविषयी कुणाला काही चांगलं सांगत असेल का, एवढंच माझ्या डोक्यात घोळायचं. आणि उत्तर मला माहीत आहे असं वाटायचं.

त्याच सुमारास गणिताचे आमचे जुने सर हृदयविकारानं गेले. आम्ही बाया भेटायला गेलो. सरांच्या पत्नी दोन दिवस येईल त्याला तेच सांगत होत्या. पहाटे घाम आला, ऑटो मिळेना, सावंगीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. आवाज बसला होता. आम्ही नेहमीचं 'काय करणार, देवाची मर्जी' करत होतो, तेवढ्यात कुंदा म्हणाली, "वहिनी, एकदाचं राहू द्या. सर रोज सकाळी काय करायचे?"

मला वाटलं, आता ही बाई चपलेनं मार खाणार. मी तिच्या मांडीला चिमटा काढला.

वहिनी थांबल्या. मग म्हणाल्या, "रोज? अवं, गुळण्या कराचे. अशा कराचे की समोरच्या घरातलं लेकरू उठून रडाचं. मी म्हनाची, थोड्या हळू करा. तर म्हनाचे, त्या पोराले शाळेत जाचं नाई का?" आणि तोंडाला पदर लावून त्या हसल्या. मग अर्धा तास त्या सरांच्या गुळण्या, सरांचं सायकल पुसणं, सरांचं कढीतले गोळे मोजून खाणं हेच सांगत राहिल्या. निघताना त्यांनी आमच्यातल्या एकीचाच हात धरला. कुणाचा ते सांगायला नको. येताना रस्ताभर सगळ्या म्हणत होत्या, "कुंदाला कसं सुचतं ना!" मी म्हटलं, "सुचत नाही, तिला तेवढंच येतं."

पुढचा प्रकार घडला तो या अँपार्फेमुळेच. पोरांना रोजचं सांगायला लावणारी कुंदा स्वतःचंही सांगायची. पार्टिशनपलीकडून दर दोन वाक्यांनी 'मा मेर, मा मेर' ऐकू यायचं. म्हणजे माझी आई. हळूहळू ती आई कॉलेजभर पसरली. भूगोलाचे सर एक दिवस चहा पिताना म्हणाले, "वैरागडे मॅडमच्या आई काळाच्या पुढं होत्या हो. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, चिमटे लावून दोरीवर वाळत घालायच्या म्हणे. तेव्हा कुणाला पर्यावरण माहीत होतं?"

पिशव्या मीही धुते. चिमटे लावूनच वाळत घालते. माझ्या घरी त्याला चिंधीपणा म्हणतात. रेवती तर मैत्रिणी यायच्या असल्या की आधी जाऊन दोरी मोकळी करायची. दुसऱ्याच्या आईनं केलं की पर्यावरण. कुंदाच्या लहानपणी दूध पिशवीतून यायचंच कुठे, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही. मी कप विसळून ठेवला.

मग कळलं की ती आई दर शनिवारी अंगणात वर्तमानपत्र पसरून सगळ्या घराची नखं एका बैठकीत कापायची, आणि रांगेत नवऱ्यालाही बसवायची. पोरी म्हणत होत्या, "किती गोड ना!" आमचे हे दर शनिवारी त्या रांगेत बसतात, आणि गोड हा शब्द त्यांनी अजून वापरलेला नाही. मला वाटलं, असतील अशा बाया जगात. आपल्यासारखी आणखी एक होती, एवढंच. खरं सांगते, त्या बाईचाही मला हेवा वाटला. ती असं करायची आणि तिची मुलगी पन्नाशीला आली तरी भरल्या वर्गात तिचं कौतुक सांगते!

दिवाळीच्या आधी मी साडीला फॉल लावायला मुंदडांच्या दुकानात गेले. मुंदडा वहिनींचा मुलगा कुंदाच्या वर्गात. मला पाहून वहिनींनी स्टूल पुढे केलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या त्या फ्रेंचवाल्या मॅडमची आई! क्या औरत होती हो! आमचा मनीष रोज येऊन सांगते. दर संडेले सगळ्या गाद्या गच्चीवर. पोरींच्या हातात काठी. अन् झोडताना काय म्हणाचं? संस्कृत! रामः, धप. रामौ, धप. रामाः, धप. गादी बी साफ, अन् पाठ बी होते. मी तर म्हटलं मनीषच्या पप्पाले, अशा आया आता मिळत नाई."

मी स्टुलावर बसलेली होते म्हणून बरं.

"तुम्ही स्वतः संस्कृतच्या बाई," मुंदडा वहिनी फॉलचा रंग जुळवत म्हणाल्या, "तुम्हाले नाई सुचलं कधी असं?"

सगळ्या वर्ध्यात, मी म्हणते सगळ्या विदर्भात, रामाच्या रूपांवर गाद्या झोडणारी बाई एकच. तिला समोर बसवून तिचेच गुण ऐकवले जात होते, आणि वर फॉलचे पैसेही तिलाच द्यायचे होते.

घरी आले तर रेवती पंख्याखाली लोळत होती. मी पिशवी ठेवली आणि म्हटलं, "गाद्या कोणाच्या हायेत?"

ती उठून बसली. लगेच समजली. "आई, मीच दिलं."

"दिलं म्हणजे? वाटीभर साखर हाय का थे?"

"वर्गात सगळ्यायनं आपल्या घरचं रोजचं सांगाचं होतं. मी तुझं सांगितलं. दोन दिवसांनी मॅडमनं बाजूले बोलावून विचारलं, हे मी घेऊ का? मले वाटलं, वाक्यं मागून राह्यल्या. व्याकरणासाठी. हो म्हटलं. मंग वर्गात पाहते तर पुरी आईच नेली."

"अन् तू गप्प बसली?"

"काय बोलू? मॅडम सांगत होत्या अन् सगळे हसून राह्यलते. चांगलं हसणं. मले कसं तरी झालं, पण चांगलं झालं. मंग मी अजून सांगितलं. नखं, पिशव्या..." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, एवढी दिली तरी तू मले पुरून उरते."

हे कौतुक होतं का टोमणा, ते मला त्या क्षणी ठरवता येईना. सवड मिळाली की ठरवू, म्हणून मी चपला घातल्या आणि तशीच निघाले. आधी चोरीचा निकाल लावायचा होता.

कुंदा आमच्याच बोरगाव वस्तीत, दोन गल्ल्या सोडून राहायची. इतक्या वर्षांत मी तिच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. दोन खोल्या, पुढे छोटा व्हरांडा, व्हरांड्यात एक वेताची खुर्ची, बसून बसून खोल झालेली. मला पाहून ती आत धावली आणि दुसरी खुर्ची घेऊन आली. प्लास्टिकची, लाल. तिच्यावरचा दुकानातला पातळ कागद अजून निघालेला नव्हता.

"या, या, सुलभाताई! रेवती बरी आहे ना?"

"रेवती बरी आहे," मी म्हटलं. "तुमच्या आई कशा आहेत?"

आतून आणलेला पाण्याचा पेला तिनं माझ्या हातात दिला नाही. कठड्यावर ठेवला आणि वेताच्या खुर्चीत बसली. "कुणी सांगितलं?"

"मुंदडा वहिनींनी. माझ्याच गाद्या मला ऐकवल्या त्यांनी. धपासकट. तुम्ही माझ्याहून वयानं मोठ्या आणि मला आई करून बसल्या? स्वतःची नव्हती का सांगायला?"

"नव्हती," कुंदा म्हणाली.

ती हे अशा सुरात म्हणाली, जसं दुकानदार म्हणतो, संपलं, उद्या या. त्यामुळे माझी भांडणाची गाडी जरा घसरली.

"मी रांगत होते तेव्हाच आई गेली. वडील त्याच्याही आधी. चार काका होते. त्यांनी बसून ठरवलं, एकावर भार नको, पाळी लावू. पहिली मी आर्वीला शिकले. दुसरी पुलगावला, तिसरी हिंगणघाटला, चौथी देवळीला. पाचवीला परत आर्वी."

"हाल केले?"

"छे हो! तेच तर. लाडानं ठेवलं सगळ्यांनी. नवे कपडे आधी मला. भाकरीवर तूप मला जास्त. काकू आपल्या पोरांना लाटणं फेकून मारायच्या आणि मला म्हणायच्या, कुंदाबाळ, जेवून घेता का? एक वर्षाची पाहुणी मी. पाहुण्यावर कुणी ओरडतं का, ताई? आणि एका घराची रीत अंगवळणी पडते न पडते, तोवर पेटी भरायची."

मी पाण्याचा पेला स्वतःच उचलला. काही तरी करायला हवं होतं.

"पहिल्या वर्षी पोरं म्हणाली, मॅडम, तुमचं रोजचं सांगा ना. मी पुस्तकातल्या फ्रेंच बाईचं सांगितलं. ती रोज बागेत जायची, रोज केक करायची. मलाच ती खरी वाटेना. मग दरवर्षी वर्गातल्या कुणाची तरी आई थोडी थोडी घ्यायला लागले. वर्ष संपलं की सोडून द्यायची. पण रेवतीनं तुमचं सांगितलं, आणि तुम्ही मला बसल्या."

"बसल्या म्हणजे? मी चप्पल आहे का?"

ती हसली. मग जरा पुढे झुकून म्हणाली, "गाद्या झोडताना तुम्ही डोक्याला फडकं बांधायच्या ना? पोरं विचारत होती. मी हो सांगून टाकलं."

"कशाला हो सांगितलं? डोक्याला काही नसतं. पदर कमरेला खोचायचा आणि नाकाला रुमाल. धूळ नाकात जाते, डोक्यात नाही. आणि काठी नव्हे, कपडे धुवायचं धोपाटणं. काठीनं कापूस फुटतो."

"धोपाटणं," ती पुटपुटली. "नाकाला रुमाल."

मी हे तिला का सांगत होते? भांडायला आलेल्या बाईनं चोराला आणखी सामान काढून देण्यातलाच हा प्रकार. पण चुकीचं पसरलेलं मला खपत नाही. माझ्या नावावर नसलं तरी माझंच आहे ते.

"आणखी एक विचारू?" कुंदा म्हणाली. "रेवतीनं हे सांगितलं नाही, आणि तिला विचारायला मला बरं वाटेना. तुम्ही तिला जेवायला हाक कशी मारता?"

"कशी म्हणजे? सगळे मारतात तशी. ताट वाढलं, येतं का गारच गिळतं?"

"अशी नाही हो. ही तर तुम्ही माहिती दिली. खरी कशी मारता? आवाजानं."

संध्याकाळ होत आली होती. समोरच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. कुंदाच्या घरात चूल थंड दिसत होती. दाराच्या आत पाहिलं तर एक ताट, एक वाटी, एक पेला, धुऊन पालथे घातलेले. मी मनात म्हटलं, देऊन टाकू आणि जाऊ घरी, इतकं नेलं तिथं आणखी एक. घसा साफ केला. हाक मारताना नाव लागतं. कुणाचं घ्यायचं हे मी ठरवलं नव्हतं. रोजच्या सवयीनं पोटातून आवाज काढला आणि तोंडातून आलं ते असं:

"कुंदेऽऽ! ताट वाढलं वं! येतं का गारच गिळतं?"

समोरच्या घरातलं कुणीतरी खिडकीत आलं. गल्लीतल्या कुत्र्यानं मान वर केली.

इथं एक सांगायला हवं. आमच्या घरी 'ताट वाढलं' अशी आरोळी गेली म्हणजे अजून तवाही तापलेला नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तशी हाक मी आधीच मारून ठेवते, कारण माणसं लवकर उठत नाहीत. आणि माणसं लवकर उठत नाहीत, कारण ताट वाढलेलं नसतं. रेवती जन्मात कधी तिसऱ्या हाकेच्या आत उठलेली नाही.

कुंदाला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. ती पहिल्याच हाकेला खुर्चीतून उठली होती, आणि पदर सावरत मोरीकडे हात धुवायला निघाली होती.

"तिकडे कुठे?" मी म्हटलं. "चपला घाला. भाकरी थापायच्या आहेत अजून."